घोडी नाचत नव्हती

रजा-प्रवास सवलत घेऊन यंदा कुठे, असे कार्यालयात सगळ्यांनी विचारले. बऱ्हाणपूर म्हटल्यावर एकाने ‘तिथे देऊळ कुठले?’ असा प्रश्न केला, तर दुसऱ्याने ते उत्तर प्रदेशात नेऊन ठेवले. त्यांचा तरी काय दोष? शाळेच्या पुस्तकात हे गाव एखाद-दुसऱ्या ओळीत येते. मुमताजमहल तिथे १६३१ साली वारली आणि १६८१ साली मराठ्यांनी ते लुटले, एवढेच आपल्याला ठाऊक असते.

मला मात्र हे गाव बघायचेच होते. आज ते मध्य प्रदेशात असले तरी जुन्या हिशेबाने खानदेशातले. तापीच्या काठी वसलेले, उत्तरेला अशीरगडाचा पहारा. ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणतात त्याला. आग्रा-दिल्लीहून दक्षिणेत उतरणारी मोगली सैन्ये बहुधा ह्याच वाटेने यायची. सातपुडा ओलांडून इथे दम खायचा, दाणावैरण भरायची, घोड्यांचे नाल बदलायचे आणि मग पुढे सरकायचे. अकबराने १६०१ साली अशीरगड घेतला, तेव्हापासून पुढे शंभर वर्षे दख्खनच्या प्रत्येक मोहिमेचे हे मोठे ठाणे होते. मिर्झाराजा जयसिंग १६६७ साली इथेच वारला. त्याची छत्री तापीकाठी आजही उभी आहे.

शाही किल्ला, हमामखाना, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख, जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा, सगळे पाहिले. त्यावर पुढे कधीतरी सवडीने लिहीन. आज लिहायचे आहे ते एका घोडीबद्दल.

संध्याकाळी शनवारा दरवाजाजवळ एक वरात अडली होती. नवरदेव पांढऱ्या घोडीवर, पुढे बँड, मागे दिव्यांची रांग. घोडी झुलीने, मोत्यांच्या झालरींनी मढलेली. बँडने ठेका धरला की ती मागचा उजवा पाय झटक्यात वर उचलायची, अगदी पोटाला लागेल इतका, आणि मग तो फाडकन जमिनीवर टाकायची. पोरे टाळ्या वाजवत होती. ‘घोडी काय नाचते बघ!’ असे कुणीतरी म्हणाले. मीही दाद दिली. आम्ही गोव्याची माणसे, शिगम्यात घोडेमोडणी पाहत वाढलेलो. घोड्याचे नाचणे आम्हाला नवे नाही.

मग पुढे एक ट्रक अडकला म्हणून बँड थांबला. घोडीवाल्याने घोडी बाजूला घेतली, तिला वळवले. वळताना तो पाय पुन्हा वर गेला. पुन्हा गेला. आता वाजत काहीच नव्हते.

शेजारी पानाच्या गादीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उमेदीच्या काळात टांगा हाकलेला माणूस. त्यांना मी विचारले, ‘चाचा, बँड थांबला तरी ही नाचते कशी?’

‘नाचत नाही ती, साहेब. झनक आहे तिला,’ ते म्हणाले. ‘मागच्या पायाला कधीतरी तार लागली असणार. बघा, हळू चालली की जास्त दिसते. पळाली की कमी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी करत घोडीवाल्याकडे गेलो. त्याने काही लपवले नाही. पायाचा जो सांधा मागच्या बाजूला वळलेला असतो, त्याच्या खाली, पुढच्या अंगाला वीतभर लांबीचा केस नसलेला पांढुरका व्रण होता. दोन वर्षांपूर्वी कुंपणाच्या तारेत पाय अडकला होता. जखम भरायला तीन-चार महिने लागले. भरली, घोडी चालायलाही लागली, आणि मग हळूहळू हा झटका सुरू झाला. ‘लोकांना वाटते नाचते, म्हणून वरातीला हीच मागतात,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात ना अभिमान होता ना लाज. घरात खाणारी सहा तोंडे होती, आणि सातवी ही घोडी.

गोव्याला परतल्यावर एका परिचित पशुवैद्यांना गाठले. त्यांनी जे समजावले ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे.

घोड्याच्या मागच्या पायाचा तो मागे वळलेला सांधा आपल्याला उलटा गुडघा वाटतो. तो गुडघा नव्हेच, तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळ. म्हणजे घोडा सारा जन्म चवड्यांच्याही पुढे, एकेका बोटाच्या नखावर उभा असतो, आणि ते नख म्हणजे खूर. त्या घोट्याच्या खाली मांस जवळजवळ नाहीच. हाड, दोऱ्यांसारखे स्नायुबंध आणि वर कातडी. त्यामुळे तिथली जखम लवकर भरत नाही, भरली तर वर मांसाचा फुगवटा येतो. पायाच्या मागच्या बाजूचे बंध वजन पेलतात. ते तुटले तर घोट्याखालचा सांधा जमिनीकडे खचतो आणि घोडा बहुधा कामातून जातो. पुढच्या बाजूचे बंध पाऊल पुढे टाकायला मदत करतात. ते तुटले तर घोडा सुरुवातीला ठेचकाळतो, पण नीट निगा राखली तर पुष्कळदा सुधारतो. मात्र काही घोड्यांत जखम भरून आल्यावर पुढच्या बाजूचा बंध व्रणाला चिकटून बसतो, पायाचे ताणाचे गणित बिघडते, आणि पाऊल उचलताना पाय आपोआप गरजेपेक्षा किती तरी वर झटकला जातो. वळताना, मागे सरताना, सावकाश चालताना हे अधिक दिसते. दौडताना कधी कधी कळतही नाही. झटक्याची कारणे आणखीही आहेत. ऑस्ट्रेलियात कुरणातल्या एका तणामुळे कळपातल्या अनेक घोड्यांना हा विकार होतो. पण एकाच पायाला, आणि तोही व्रणाचा, म्हटल्यावर डॉक्टरांना फारसा संशय राहिला नाही.

म्हणजे पानाच्या गादीवरच्या चाचांनी रस्त्यापलीकडून जे सांगितले, तेच डॉक्टरांनी सांगितले. मी तर टाळ्या वाजवत होतो.

‘झनक’ हा शब्द मी कोशात शोधला. हिंदी शब्दकोशात ‘झनकबात’ मिळाला. घोडा पाय झटकून टाकतो तो रोग. त्याच्या सोबतीला आणखी शब्द सापडत गेले. मागच्या पायाच्या सांध्यावर येणारी मऊ सूज म्हणजे मोतरा, तिथेच हाड वाढले की हड्डा, खुराच्या वरच्या हाडाला आलेला उंचवटा म्हणजे चकावल. एकेका सांध्याच्या एकेका दुखण्याला स्वतंत्र नाव! ज्या समाजाने ही नावे ठेवली त्याने घोड्याचे पाय किती बारकाईने पाहिले असतील, ते बघा. घोड्याच्या वैद्याला आपल्याकडे ‘सालोत्री’ म्हणत. तो शब्द थेट शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आला. संस्कृतात जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आहे, नकुलाच्या नावावर ‘अश्वशास्त्र’ आहे. शाहजहानच्या काळात अब्दुल्लाखान फिरोजजंग ह्या सरदाराच्या पुढाकाराने ह्या परंपरेतल्या ग्रंथाचा फार्सी अनुवाद झाला, आणि तो इंग्रजीत येऊन १७८८ साली कलकत्त्याला छापलाही गेला. सगळेच त्यात शहाणपणाचे होते असे नाही. अंगावरच्या भोवऱ्यांवरून घोडा शुभ की अशुभ ठरवायचा आणि दुखऱ्या पायाला तापलेल्या लोखंडाने डाग द्यायचे, हेही त्याच परंपरेत येते.

आता आपल्या गोव्याकडे वळू. अरबी घोडा दक्षिणेत यायचा तो समुद्रातून. होर्मुझहून जहाजे निघायची आणि आपल्या किनाऱ्याला लागायची. १५१० साली आल्फोंसो द अल्बुकेर्कने गोवा घेतले, १५१५ साली होर्मुझवर पकड बसवली, आणि ह्या व्यापाराची दोन्ही टोके पोर्तुगीजांच्या हातात आली. विजयनगरला घोडे हवेत, विजापूरलाही हवेत. दोघांनाही ते गोव्यातून घ्यावे लागत, आणि घोड्यामागची जकात हे गोव्याच्या तिजोरीचे मोठे उत्पन्न होते. १५८३ ते १५८८ ह्या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन ह्या डच माणसाने जुन्या गोव्यातल्या भररस्त्यावरच्या लिलावाचे वर्णन केले आहे. त्यात अरबी घोडेही आहेत. आज जुने गोवे म्हणजे चर्च आणि फेस्त. पण त्याच रस्त्यावर कधीकाळी घोडे चालवून दाखवले जात असतील आणि गिऱ्हाईक त्यांच्या पायांकडे बघत उभे असेल.

एवढे घोडे दर वर्षी का लागत? मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत येऊन गेला. तो लिहितो की मअबरचे, म्हणजे तमिळ किनाऱ्यावरचे राजे दर वर्षी हजारोंनी घोडे विकत घेतात आणि वर्षअखेर त्यातले मोजकेच जगतात, कारण त्यांच्याकडे घोड्यांची निगा राखणारे आणि नाल ठोकणारे जाणते लोक नाहीत. पुढे तो म्हणतो की घोडे विकणारे व्यापारी अशा जाणत्यांना मुद्दाम तिकडे जाऊ देत नाहीत. घोडे मेले तरच नवे खपणार! आकडे फुगवलेले असतील, आणि ज्या देशात शालिहोत्र होते तिथे कुणालाच काही कळत नव्हते हेही खरे नसणार. पण त्यातला मुद्दा खोटा नाही. घोडा पैशाने मिळतो. त्याचे पाय टिकवणारा माणूस तेवढ्याने मिळत नाही.

हे लक्षात ठेवून सभासद बखर उघडली की एक साधे वाक्य वेगळे दिसू लागते. शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था सांगताना सभासद म्हणतो की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. शाळेत आपण हवालदार, जुमलेदार, हजारी ही उतरंड पाठ करतो आणि पखालजी-नालबंद सोडून देतो. परीक्षेत ते कधी विचारत नाहीत ना! पण हिशेब करून बघा. सव्वाशे घोड्यांच्या जुमल्यात पाच नालबंद, आणि दहा जुमल्यांच्या हजारीत पन्नास. एवढ्या नालबंदांना पगार देणे म्हणजे चैन नव्हती. सह्याद्रीचा काळा कातळ नालाशिवाय खूर खाऊन टाकतो. आणि नालबंद म्हणजे फक्त खिळे ठोकणारा नव्हे. घोड्याचा पाय दर काही आठवड्यांनी मांडीवर घेऊन बसणारा तोच एकटा माणूस. सांधा गरम आहे की काय, घोडा पाय देताना कचरतो की काय, कुठला नाल एका बाजूने जास्त झिजला, हे त्याला सर्वांच्या आधी कळणार.

मोगलांकडे नालबंद नव्हते असे मुळीच नाही. ‘ऐने अकबरी’त तबेल्याच्या नोकरवर्गात नालबंद आहे, घोड्यांचा वैद्यही आहे. पण मनसबदारांच्या घोड्यांवर सरकारची जी नजर होती ती डाग आणि चेहरा ह्या पद्धतीची. घोड्याला डाग द्यायचा, स्वाराचे वर्णन लिहून ठेवायचे, म्हणजे हजेरीच्या दिवशी भाड्याचे तट्टू आणून कुणी पगार उकळणार नाही. मी स्वतः कारकून असल्यामुळे ही पद्धत मला लगेच कळते! ती घोटाळा पकडण्यासाठी होती. पंचवीस घोड्यांमागे नालबंद ही पद्धत घोडा टिकवण्यासाठी होती. १६७३ सालचे महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, म्हणून आपण त्याचा दाखला देतो. पण त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या दाण्याबद्दल आणि गवताबद्दल आहे. आताच सगळे उडवलेत तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी, असा त्याचा रोख आहे.

ह्या निगेचे फळ बऱ्हाणपूरने पाहिले. १६८१च्या जानेवारीअखेर, संभाजीराजांच्या राज्यारोहणाला पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, मराठी फौज बऱ्हाणपूरबाहेरच्या बहादूरपुऱ्यावर तुटून पडली. हे सधन व्यापारी पेठांचे पुरे होते, तटाच्या बाहेरचे. हल्ल्याची आधी चाहूलही लागली नाही, असे खाफीखान लिहितो. तीन दिवस लूट चालली. औरंगाबादेहून खानजहान निघाला, पण तो पोहोचेपर्यंत मराठे चोपड्याच्या वाटेने साल्हेरच्या रोखाने गेले होते. खानजहानने पैसे खाऊन उशीर केला, अशी बोलवाही तेव्हा उठली. आपण ह्या प्रसंगात लुटीचे आकडे शोधतो. मी आता वाटेकडे बघतो. शेकडो मैल अनोळखी मुलखातून जायचे, परतीला पाठीवर ओझे, मागे शत्रू. अशा वेळी ज्या घोड्याचा मागचा पाय गेला तो घोडा गेला, आणि पुष्कळदा त्याचा स्वारही गेला. ही सगळी चपळाई भीमथडीसारख्या ठेंगण्या, काटक देशी घोड्यांच्या चार पायांवर होती.

लंगडा घोडा म्हणजे काय, हे शिलेदाराला विचारावे. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बहुधा कर्ज काढून घेतलेला. तो लंगडला की शिलेदारी संपली, दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसायचे. पेशवाईत शिलेदार ऐन लढाईत हात राखून लढतात, घोडा जपतात, अशी तक्रार असायची. भित्रेपणा म्हणून ती लिहिली गेली. पण ज्याचे सारे घर एका जनावराच्या चार पायांवर उभे आहे, त्याने दुसरे काय करावे?

१७६०च्या वसंतात भाऊसाहेब पेशव्यांची फौज उत्तरेला निघाली ती ह्याच बऱ्हाणपूरवरून, आणि हांड्याला नर्मदा उतरून पुढे गेली. पानिपत व्हायला अजून नऊ-दहा महिने होते. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत त्या घोड्यांचे उपासमारीने काय झाले ते आपण वाचलेले आहे. रणातून महादजी शिंदे निसटले ते एका देशी घोडीवर. मॅल्कमने ती हकीकत नोंदवून ठेवली आहे. मागे एक अफगाण स्वार, त्याचा घोडा मोठ्या हाडाचा, ओबडधोबड चालीचा. महादजींची घोडी वेगाने पुढे जायची, दम घ्यायला थांबायची, की मागून तो घोडा त्याच एका चालीने येताना दिसायचा. अखेर घोडी थकली आणि चरात पडली. अफगाणाने महादजींच्या गुडघ्यावर घाव घातला, दागिने आणि घोडी घेतली आणि तो निघून गेला. राणेखान भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. तो पाय जन्माचा अधू झाला. पुढे कितीतरी वर्षे त्या घोड्याच्या टापा झोपेत ऐकू येतात, असे महादजी सांगत. हिंदुस्थानचे राजकारण हलवणारा माणूस, आणि त्याच्या स्वप्नात काय, तर एका घोड्याची चाल! हे बऱ्हाणपूरही पुढे शिंद्यांच्याच ताब्यात आले आणि १८६० साली इंग्रजांच्या मुलखात जाईपर्यंत त्यांच्याकडे राहिले.

महादजींचे लंगडणे इतिहासात आहे. घोड्यांचे नाही. इतके हजार स्वार, इतके हजार घोडे, असे आकडे मिळतात. त्यातले किती परतीच्या वाटेवर लंगडत मागे पडले आणि कुणाच्या शेतात सोडून दिले गेले, ते कोण मोजणार? ते फक्त नालबंदाला ठाऊक, आणि नालबंदाने बखर लिहिली नाही. त्याचे ज्ञान हातात होते, नजरेत होते. बऱ्हाणपूरच्या पानाच्या गादीवर मला त्याचा शेवटचा तुकडा भेटला असे म्हणायला हरकत नाही. टांगे गेले, मोतद्दार गेले, सालोत्री हा शब्दही गेला. वरातीच्या घोड्या राहिल्या, आणि त्यांचे दुखणे ओळखणारा माणूस बाजूला जाऊन टाळ्या वाजवणारे आपण राहिलो. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले, महूलाही असे महाविद्यालय आहे. म्हणजे ज्ञान बुडाले नाही, उलट वाढले. फक्त ते आता रस्त्यावर उभे नसते.

डॉक्टरांना मी विचारले, ह्यावर उपाय काय? ते म्हणाले, काही घोडे नियमित, बेताच्या चालण्याने सुधारतात. नाहीतर शस्त्रक्रिया करून अडकलेल्या बंधाचा एक भाग काढतात. गुण येतोच असे नाही, पण अनेकांना येतो. पाय प्रत्येक झटक्याला दुखतोच असेही नाही. पण गर्दीत, डांबरी रस्त्यावर, तासन् तास पावलापावलाने चालवणे तिला नक्कीच सोयीचे नाही. घोडीवाल्याला फोन करून मी हे सगळे सांगितले, महूचे नावही सांगितले. तो म्हणाला, ‘लग्नसराई संपू द्या, भाऊ. मग बघतो.’ मी पुढे काही बोलू शकलो नाही. शिलेदारांच्या घोडा जपण्याबद्दल वर जे लिहिले, ते त्यालाही लागू आहे. फक्त त्याला घोडी जपून नव्हे, चालवून घर राखायचे आहे.

असो. मार्चमध्ये शिगम्याला सत्तरीत गेलो होतो. नेहमीप्रमाणे घोडेमोडणी आली. कमरेला लाकडी घोडा, डाव्या हातात लगाम, उजव्यात तलवार, पायांत घुंगरू. राणे सरदारांच्या पराक्रमाची आठवण म्हणून आपण ती नाचवतो. ढोल-ताशा घुमत होता, पाय उसळत होते. यंदा माझे लक्ष चेहऱ्यांकडे गेले नाही, तलवारींकडेही नाही. मी नुसते पाय बघत उभा राहिलो.

ढोल थांबला. पायही थांबले.

मग कुठे मी टाळ्या वाजवल्या.